फुलवातीची भूल

“उन्हात किती वेळ बसते ही?” मी विचारलं.

“बसते काय, पहारा देते,” मालतीबाई म्हणाल्या. “गच्चीवर माझ्या मुगवड्या वाळत असतात न. ही मधोमध जाऊन बसली की एका कावळ्याची छाती नाही होत खाली उतरायची.”

टेबलावरची मांजर पांढरीशुभ्र होती. अंगावर एक काळा केस नव्हता. कान गुलाबी, नाक गुलाबी, आणि त्या गुलाबी नाकाच्या शेंड्यावर जाड, काळपट खपली. डाव्या नाकपुडीची कड कुरतडल्यासारखी झाली होती. मी बोट जवळ नेलं तशी तिनं मान मागे घेतली, पण नखं काढली नाहीत.

“नाव काय?”

“फुलवात.”

“ते रंगावरून,” बरोबर आलेले गृहस्थ म्हणाले. हे मालतीबाईंचे धाकटे भाऊ, वसंतराव भोयर. पोस्टातून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. “स्वभावावरून ठेवायचं असतं तर फटाका ठेवलं असतं.”

“तू तिच्या शेपटीवर पाय देतोस म्हणून फटाका,” मालतीबाई म्हणाल्या. “मला तर कधी नाही फुटली.”

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्यात माझा जनावरांचा दवाखाना नवाच होता. एप्रिल सुरू होता आणि सकाळीच रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. अशा उन्हात पांढऱ्या मांजरांचं नाक आणि कानांची टोकं सगळ्यात आधी हरतात. तिथे केस विरळ असतात आणि ऊन अडवायला कातडीत रंगही नसतो. वर्षानुवर्षं ऊन झेलून त्या जागच्या पेशी बिघडतात.

“आधीच्या डॉक्टरांनी तुकडा तपासून घेतला, त्याचा निकाल बरोबर आहे,” मी म्हटलं. “कॅन्सरच आहे.”

मालतीबाईंनी मान हलवली. त्यांना ते ठाऊक होतं. “ते म्हणाले, दोनच रस्ते आहेत. नाक कापा, नाहीतर कायमचं झोपवा.”

“आमच्या घराण्यात आजवर कोणाचं नाक कापलं गेलं नाही,” वसंतराव म्हणाले. “हिच्यापासून सुरुवात कशाला?”

कोणी हसलं नाही. ते स्वतःही नाही.

“तिसरा रस्ता आहे,” मी म्हटलं.

वसंतराव एकदम उठले. “मॅडम, जरा बाहेर येता का? दोन मिनिटं.”

व्हरांड्यात येऊन त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “मला माहीत आहे तुमच्या मशीनचं. त्या डॉक्टरांनीच सांगितलं, म्हणून तर तिला इथं आणलं. तुम्ही करा. माझी काही हरकत नाही. फक्त तिच्यासमोर शॉक हा शब्द काढू नका. लाइनचं, विजेचं नावच नका घेऊ. औषध सोडतो म्हणा, झालं.”

“का?”

“भेते ती. जुनी गोष्ट आहे.”

“काका, वीज वापरणार हे मला सांगावंच लागेल. मालकाला न सांगता मी जनावराला हात लावत नाही.”

“मग ती नाही म्हणेल. आणि मांजर जाईल.” त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “भाऊजी गेले, मूलबाळ नाही. मी खालच्या मजल्यावर, ती वरती. दिवसभर गच्चीवर तिचा आवाज येतो मला. माणसाशी बोलावं तशी त्या मांजरीशी बोलत असते. तो आवाज बंद झालेला मला नाही पाहवणार जी. एकदा पाहिलेला आहे.”

मी दार ढकललं. आत आले.

सांगायचं ते मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. एक औषध आहे. कॅन्सरच्या पेशी मारायला उत्तम, पण पेशीच्या भिंतीतून त्याला आत जाता येत नाही, बाहेरच घुटमळत राहतं. त्या जागी विजेचे अगदी बारीक ठोके दिले, पापणी लवते तेवढ्या वेळात हजार मावतील इतके बारीक, की भिंतीला क्षणभर भोकं पडतात. औषध आत जातं. भोकं बुजतात. औषध आतच अडकतं आणि पेशी मरते.

मालतीबाई मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होत्या. वीज म्हटलं तिथे हात थांबला होता.

“म्हणजे शॉक,” त्या म्हणाल्या.

वसंतराव खिडकीबाहेर पाहू लागले.

“लोक त्याला तसंच म्हणतात. हो.”

“कुठे देता? डोक्याला?”

“नाकाला.”

“नाक डोक्यालाच असते न, मॅडम.”

“पूर्ण भूल देऊन देतो, काकू. तिला काही कळणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखाद्या ओळखीच्या माणसाचा चेहरा आठवावा तसं. मग फुलवातीला उचलून वेताच्या टोपलीत ठेवलं, वरून लुगड्याचा तुकडा बांधला.

“ऊठ वसंता,” त्या म्हणाल्या.

मे अर्ध्यावर आला तेव्हा त्या परत आल्या. या वेळी एकट्याच, रिक्षानं. फुलवात निम्मी झाली होती. खपली नाकाच्या मधल्या पडद्यापर्यंत सरकली होती, आणि अन्नाचा वास येत नसल्यामुळे तिनं खाणं सोडलं होतं. वास आला नाही तर मांजर जेवत नाही. भुकेनं मरेल, पण जेवणार नाही.

“काल शिंकली ती रक्त शिंकली,” मालतीबाई म्हणाल्या. “एक चादरभर वड्या फेकाव्या लागल्या. तरी तिथंच बसून होती. ड्युटी सोडत नाही.” त्यांनी पदरानं कपाळ टिपलं. “आता नाक कापलं तर जगेल?”

“आता कापूनही सगळं निघेल याची खात्री नाही. आत गेलंय.”

“आणि तुमचं ते?”

“बहुतेक मांजरांना गुण येतो. सगळ्यांना नाही. कधी दुसऱ्यांदा करावं लागतं. पण करायचं तर आत्ता. पुढच्या महिन्यात मी नाही म्हणेन.”

त्यांनी टोपली जवळ ओढली. मग विचारलं, “भूल कोण देणार?”

“डॉक्टर फिरोज देशमुख. तेवढंच काम ते पाहतात.”

“त्यांना बोलवा.”

फिरोज मागच्या खोलीत डबा खात होता. तो हात पुसत आला. उंच, पोट सुटलेला, सदा बडबडणारा माणूस. मालतीबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मुलगी द्यायची असावी तसं.

“तुम्ही भूल देता?”

“देतो काकू. वीस वर्षं झाली. आमच्या घरी म्हणतात, तुम्हाला इंजेक्शनची गरजच नाही, नुसतं बोललात तरी समोरचा झोपतो.”

त्यांनी हसण्यात वेळ घालवला नाही. “खरी भूल देता की नुसती सुई?”

फिरोजचं हसू गेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “खरी देतो. आधी सुई, मग नळीतून वायू. संपेपर्यंत मी तिच्या डोक्याशी बसून असतो. उठत नाही.”

“मध्येच जाग आली तर?”

“येऊ देत नाही.”

“ते तुम्हाला कसं कळते?”

“तपासत राहतो.”

“मग मी पण बसेन तिथं,” त्या म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. मालकाला आत घेत नसत कोणी. मीही घेत नसे. माणसं चक्कर येऊन पडतात, रडतात, मध्ये हात घालतात. शिवाय औषध विषारी असतं.

“मग राहू द्या,” त्या म्हणाल्या आणि टोपलीचं फडकं बांधू लागल्या. रागावल्या नव्हत्या. बाजारात भाव पटला नाही की बाई पुढे निघते, तितक्याच शांतपणे.

फिरोजनं खांदे उडवले. “बसू दे ना, हेमा. माझ्यावर पहारा राहील.”

मी कबूल झाले. भिंतीजवळ स्टूल, हातात मोजे, तोंडाला पट्टी आणि ठोके चालू असताना टेबलाला हात लावायचा नाही. त्यांनी प्रत्येक अटीला मान हलवली.

“आणखी एक आधीच सांगून ठेवते,” मी म्हटलं. “ठोक्याबरोबर तिचं अंग आखडेल. भूल असली तरी आखडेल. स्नायू विजेला आपणहून उत्तर देतो, त्याला शुद्ध लागत नाही. तिला दुखणार नाही, पण दिसायला वाईट दिसेल.”

“दिसू द्या,” त्या म्हणाल्या.

ठरल्या दिवशी वसंतराव सकाळीच हजर होते. बहीण आत बसणार हे त्यांना रिक्षात कळलं होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“मॅडम, तिनं कसं काय हो म्हटलं?”

“मला नाही माहीत.”

“मला पण बसू द्या आत.”

“एकच माणूस, काका.”

ते बाहेरच्या बाकावर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. दार लागताना मला दिसलं ते एवढंच.

फुलवातीला झोपवायला वेळ लागला नाही. वजनच उरलं नव्हतं. फिरोजनं घशात नळी घातली, वायू सुरू केला, पुढच्या पायातल्या शिरेतून औषध दिलं. मी खपली ओली करून सोलून काढली. खालची जागा कच्च्या मांसासारखी होती. यंत्र बाजूला ठेवलेलं. शिवणयंत्राएवढं, पायानं दाबायची कळही तशीच. त्याच्या वायरींच्या टोकाला दोन पात्यांचा चिमटा. ती पाती नाकाच्या दोन बाजूंना टेकवायची आणि पाय दाबायचा.

“आता थोडं थांबायचं,” मी म्हटलं. “औषध गाठीपर्यंत पोचायला काही मिनिटं लागतात. त्यानंतर आपल्याकडे वीसेक मिनिटं असतात. मग ते रक्तातून उतरायला लागतं.”

“आणि उतरलं तर?”

“तर ठोक्यांचा उपयोग नाही. औषध वाया. आणि ते लगेच दुसऱ्यांदा देता येत नाही, फुप्फुसांना बाधतं. तिच्यात तेवढी ताकदही नाही.”

खोलीत वायूच्या पिशवीचा आवाज तेवढा होता. भरते, रिकामी होते.

“डोळे उघडे आहेत हिचे,” मालतीबाई म्हणाल्या.

“मांजरांचे भुलीत उघडेच राहतात, काकू,” फिरोज म्हणाला. “म्हणून तर मलम घातलंय. कोरडे पडू नयेत.”

“पाहून राहिली ती.”

“पाहत नाहीये. नुसते उघडे आहेत.”

मी घड्याळ पाहिलं, नाकावर जेली लावली, चिमटा टेकवला. “सुरू करतेय,” म्हटलं आणि पाय दाबला.

एका दाबाला आठ ठोके जातात, पण इतके पाठोपाठ की अंगाला एकच हिसका बसतो. फुलवातीचे चारी पाय ताठ झाले, पाठ टेबलावरून उचलली गेली, आणि ती धप्पकन खाली आली.

स्टूल पडल्याचा आवाज झाला.

“थांबा!”

मालतीबाई टेबलाशी आल्या होत्या. “काकू, हात नका लावू!” फिरोज ओरडला.

“कळीवरचा पाय काढलाय मी,” मी म्हटलं. “लावू दे.”

त्यांनी मोज्यातला हात मांजरीच्या बरगड्यांवर ठेवला. आवाज वर गेला नव्हता. “जागी आहे ही,” त्या म्हणाल्या.

“नाही, काकू.”

“मला माहीत आहे हे. असंच होते. असंच ताठ होते अंग, दात आवळतात. मग लोक म्हणतात, तिला काय कळते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मला दिले आहेत मॅडम, शॉक. बाळ गेलं त्या साली. मी बोलत नव्हते. जेवत होते, भांडी घासत होते, पण बोलणं काही येईना. तर नेलं मला बाहेरगावी, एका खाजगी दवाखान्यात.”

फिरोजनं हलकेच मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं. मी मान हलवली.

“भूल देतो म्हणाले. सुई टोचली पण. पाण्याची होती का कशाची, देव जाणे. मी जागीच. सांगायला लागले तर तोंडात रबर घातलेलं. पहिला नीट बसला नाही त्यांचा, हुकला, तर परत दिला. दुसऱ्याचं मला आठवत नाही. पण तो पहिला…” त्या थांबल्या. “भूल नाही दिली मला, मॅडम. भुलवलं.”

“वसंतकाकांना माहीत आहे?” मी विचारलं.

“वसंता तेव्हा कॉलेजात होता. तोच आला होता सोबत, बाकी कोणाला सवड होती? दारापर्यंत माझा हात धरून होता. म्हणे, माई, भेऊ नको, तुला काही कळणार नाही. त्याला तसंच सांगितलेलं. आत कुठे येऊ दिलं त्याला.” त्यांचा अंगठा मांजरीच्या पांढऱ्या केसांत फिरत होता. “घरी आल्यावर बोलायला लागले मी. सगळे म्हणाले, पाहा कसा गुण आला. नसते बोलले तर परत नेलं असतं.”

“काकू, आता तसं नाही करत कोणी,” फिरोज म्हणाला. “आता व्यवस्थित भूल देऊनच—”

“करत असतील,” त्या म्हणाल्या.

घड्याळ चालूच होतं. विश्वास ठेवा, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण ते त्यांना आधी कोणीतरी सांगितलेलेच असणार.

“काकू,” मी म्हटलं, “माझं ऐकू नका. तुम्हीच बघा. हा मागचा पाय घ्या. बोटांच्या मधली ही कातडी आहे ना, ती चिमटीत धरा. आणि दाबा. नखानं, जोरात. जागं मांजर पाय ओढून घेतं. अर्धवट जागंसुद्धा.”

“लागेल तिला.”

“लागलं तर आपल्याला कळेल. मग मी थांबेन.”

त्यांनी मोजा काढला. मी अडवलं नाही. दोन बोटांत ती पातळ गुलाबी कातडी धरून त्या दाबत गेल्या. त्यांचं स्वतःचं नख पांढरं पडलं. पाय सैल लोंबत राहिला.

“आता डोळ्याच्या कोपऱ्याला हळूच बोट लावा. पापणी हलते?”

“नाही.”

“जबडा उघडा. दात आवळलेत?”

“सैल आहे.” त्यांनी जबडा अलगद मिटवला. मग म्हणाल्या, “हे आत्ताचं झालं. झटका बसला तेव्हाचं काय?”

फिरोजनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. प्रश्न अगदी बरोबर होता.

“म्हणून आपण प्रत्येक झटक्यानंतर लगेच बघू,” मी म्हटलं. “दुखलं असेल तर श्वास बदलेल, नाडी पळेल. फिरोज नाडी मोठ्यानं सांगेल. मी पाय काढला की तुम्ही कातडी दाबायची. तुम्ही चालू द्या म्हटल्याशिवाय मी पुढचा देणार नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर नाही.”

मी ते मनापासून म्हटलं होतं. अर्धा वेळ गेला होता. त्या नाही म्हणाल्या असत्या तर फुलवात महिनाभरात गेली असती, आणि मी यंत्र बंद करून वायर गुंडाळली असती.

मालतीबाईंनी मोजा पुन्हा चढवला, एक पाऊल मागे सरकल्या आणि दोन्ही हात छातीशी घेतले. “द्या,” त्या म्हणाल्या.

मी पाय दाबला. मांजर ताठ झाली, सैल पडली. मी पाय काढला.

“नाडी तीच,” फिरोज म्हणाला.

त्यांनी पुढे होऊन कातडी दाबली. डोळ्याला बोट लावलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “चालू द्या.”

मी चिमटा थोडा सरकवला. पाय दाबला.

“नाडी तीच.”

“नाही. चालू द्या.”

पुढे सगळं त्या लयीत झालं. हिसका, फिरोजचा आवाज, मग त्यांचा. दर वेळी त्या तितक्याच नेटानं दाबत होत्या. एकदाही उगाच वरवर हात लावला नाही. नाकाचा शेंडा झाला, नाकपुडीची कड झाली, मधला पडदा झाला, भोवतीची निरोगी दिसणारी कातडी झाली. शेवटी मी चिमटा खाली ठेवला तेव्हा मुदत संपायला थोडाच अवकाश होता.

“झालं,” मी म्हटलं.

त्या लगेच हलल्या नाहीत. हातात तो पांढरा पाय तसाच होता. “एकदा पण नाही,” त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या, कळलं नाही.

फिरोजनं वायू बंद केला. बऱ्याच वेळानं फुलवातीचा कान हलला, मग शेपटीचं टोक. फिरोज नळी काढायला वाकला तशी तिनं घशातून एक घाणेरडा आवाज काढला आणि त्याच्या बोटात दात रुतवले.

“या अल्ला!”

“आता जागी आहे,” मालतीबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

पुढचे काही आठवडे मांजरीचं नाक भयंकर दिसत होतं. काळी, कडक खपली. बघणाऱ्याला वाटावं, आम्ही जाळूनच टाकलंय. मालतीबाई तिला गरम केलेलं मासळीचं पाणी चमच्यानं पाजत. ती प्यायली की मला फोन येई. “आज तीन चमचे,” एवढंच बोलून ठेवून देत. एकदा वसंतरावांचा आला: “मॅडम, नाक गळून पडलं तर चिकटवायचं कशानं?” मागून बहिणीचा ओरडा ऐकू आला.

नाक पडलं नाही. खपली पडली. खाली नवी गुलाबी कातडी होती. डाव्या नाकपुडीला एक खाच कायमची राहिली, पण भोवती बोट फिरवलं तर मऊ लागत होतं, कुठेही गाठ नव्हती. मी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“काही उरलेलं दिसत नाही,” मी म्हटलं. “नजर ठेवायची. आणि ऊन बंद. अगदी बंद.”

“बंदच आहे,” वसंतराव म्हणाले. “आता तिची ड्युटी मला लागली आहे. छत्री घेऊन बसतो वड्यांत. कावळे मला अजिबात भेत नाहीत. ही खिडकीतून पाहते आणि तोंड फिरवून घेते.”

“चार वड्या कावळा खातो, चाळीस तू खातोस,” मालतीबाई म्हणाल्या. “तिला कळते ते.”

वसंतराव हसत होते. त्या दिवशी त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता. त्यांनी फुलवातीच्या डोक्यावरून बोट फिरवलं, तिनंही ते फिरवू दिलं.

“उगाच घाबरलीस न, माई?” ते म्हणाले. “मी म्हणत होतो तुला. हिला कुठे काय कळलं? आता तर तू स्वतः आत बसून पाहिलं.” बोट मांजरीच्या डोक्यावरच होतं, नजरही तिथेच. “तेव्हा पण मी तुला तेच सांगितलं होतं न. दारात. आठवते? काही कळणार नाही म्हणून.” मग वर पाहिलं. “नव्हतं न कळलं?”

ते अजून हसतच होते. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता, हे मला त्यांच्या आवाजावरून समजलं.

मी टेबल पुसायला घेतलं.

मालतीबाईंनी फुलवातीला टोपलीत ठेवलं. फडक्याची एक गाठ मारली, दुसरी मारली, ती घट्ट बसली का ते ओढून पाहिलं.

“नाही रे, वसंता,” त्या म्हणाल्या. “मला झोपच लागली होती.”

“मग!” वसंतराव म्हणाले. त्यांनी टोपली उचलली आणि मांजरीशी काहीतरी बोलत पायऱ्या उतरू लागले. मालतीबाईंनी मला नमस्कार केला, पदर सारखा केला आणि त्या त्यांच्या मागोमाग गेल्या.